दांडा लावण्याआधी पीळ कुठे आहे ते शोधा

माझी गाडी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे, १.६ लिटर इंजिनाची, कापडी टपाची. खराब रस्त्यावर बॉडी पिळवटायची आणि आतला आरसा असा थरथरायचा की मागून येणाऱ्या एका ट्रकचे दोन दिसायचे. इलाज म्हणून मी पहिल्यांदा काय केलं असेल? बॉनेट उघडल्यावर चारचौघांत मिरवता येईल असा चकचकीत स्ट्रट बार, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शॉकची डोकी जोडणारा आडवा दांडा, आणून बसवला. आरसा थरथरतच राहिला.

चूक बारची नव्हती, जागेची होती. ज्या गाडीत मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे चाकाला वरून शॉकच धरून ठेवतो, तिच्यात वळणावर चाकाचा आडवा जोर शॉक ॲब्सॉर्बरच्या डोक्यापर्यंत पोचतो आणि टॉवरचं, म्हणजे शॉकचं डोकं जिथे बसतं त्या पत्र्याच्या उंचवट्याचं, तोंड आत-बाहेर व्हायला बघतं. तिथे दोन टॉवर जोडणारा सरळ बार खरंच कामाला येतो. एमएक्स-५ ला मात्र डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्म धरतात. आडवा जोर बराचसा आर्मांतून सबफ्रेमकडे, म्हणजे बॉडीखाली बोल्टने लावलेल्या चौकटीकडे जातो, शॉकच्या डोक्यावर येतो तो मुख्यतः स्प्रिंगचा उभा भार. माझ्या गाडीत तो बार म्हणजे दागिना होता. अजून तिथेच आहे, काढायचा कंटाळा.

नेमकं काय होतं ते पाहायचं असेल तर बुटांचा रिकामा खोका घ्या. झाकण चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि दोन टोकं धरून पिळा. हलणार नाही. आता झाकण काढा आणि पुन्हा पिळा, दोन बोटांनी पिळवटतो. पक्का टप नसलेल्या गाडीचं हेच दुखणं. पुढची पायरी जास्त महत्त्वाची. उघड्या तोंडावर एक काडी आडवी, या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत चिकटवा. फारसा फरक पडत नाही. तीच काडी कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी लावा, खोका लगेच ताठ होतो. चौकोन कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. ब्रेस, म्हणजे बॉडीला ताठपणा देणारा जादा आधार, निवडताना डोळ्यांसमोर ही तिरकी काडी ठेवा. इंग्रजी एक्सच्या आकाराचा, तळाशी चार कोपरे पकडणारा ब्रेस याच कारणाने साध्या आडव्या पट्टीपेक्षा सरस ठरतो.

आणखी एक गैरसमज. एमएक्स-५ च्या खाली गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत (मागच्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) जाणारा ॲल्युमिनियमचा लांब सांगाडा दिसतो, त्याला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. तो पाहून 'चासी आधीच मजबूत आहे' असं समजू नका. तो इंजिन-गिअरबॉक्स आणि मागचा डिफ एकमेकांना बांधून ठेवतो, बॉडीचा पीळ थांबवणं हे त्याचं काम नाही. खुद्द माझदानेच १९९४ च्या १.८ लिटर मॉडेलला सीटमागे दोन्ही सीटबेल्ट टॉवर जोडणारा दांडा आणि सबफ्रेमना जादा ब्रेस दिले. कुठे लावायचं याचा इशारा कारखान्यातूनच आलाय.

खरेदीआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, थरथर चासीचीच आहे ना? टायरमधली हवा, फुटलेले बुश (सांध्यांतले रबर), गळके शॉक आणि सिलचा, म्हणजे दरवाजाखालच्या पोकळ पत्र्याचा, गंज आधी बघा. सिलला खालून स्क्रूड्रायव्हर टोचा. टोक आत गेलं तर ब्रेसचा विषय तिथेच संपला, आधी पत्रा. कुजलेल्या पत्र्याला पकडलेला दांडा फक्त वजन वाढवतो.

दुसरी, मोजमाप. गाडी सपाट जमिनीवर चारी चाकांवर उभी करा, टप खाली, दरवाजे बंद. दरवाजाच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली व्हर्नियरने मोजून मास्किंग टेपवर लिहून ठेवा. मग पुढच्या एकाच जॅकिंग पॉइंटला जॅक लावून ते चाक जेमतेम उचलेपर्यंत चढवा आणि तीच फट पुन्हा मोजा. गाडीखाली जाऊ नका, फक्त मोजा. माझ्याकडे वरची फट मिलिमीटरभराहून जास्त बदलत होती आणि दरवाजा उघडून परत लावताना लॅच घासत होतं. प्रत्येक ब्रेसनंतर हीच चाचणी करा. अंगाला काय जाणवतं यावर विसंबू नका, नव्या वस्तूला पैसे मोजले की फरक जाणवतोच.

धातूबद्दल थोडं. पोलादाचा ताठपणा साधारण २०० गिगापास्कल, ॲल्युमिनियमचा ७०. म्हणजे त्याच मापाचा ॲल्युमिनियमचा दांडा तिप्पट लवचीक. 'हाय स्ट्रेंग्थ' पोलाद घेतलं तर तो दांडा कायमचा वाकायला किंवा तुटायला जास्त जोर लागेल, पण तेवढ्याच जोरात लवेल मात्र तेवढाच. ताठपणा येतो मापातून आणि सरळपणातून. इंजिनाला वळसा घालून गेलेला कमानदार बार दाबला की स्प्रिंगसारखा वागतो. टोकाला एकाच बोल्टवर फिरणारा सांधा असेल तर तो फक्त ओढ आणि दाब पेलतो, म्हणून टेबलावर धरून हलवून बघा, तिथे खुळखुळ असली तर परत करा.

आता बसवण्याचं. इथे मी एकदा तोंडावर आपटलोय. सीटमागचा दांडा बसवताना गाडीची एक बाजू जॅकवर होती आणि मी सगळे बोल्ट पूर्ण आवळले. गाडी खाली उतरवली तर चालकाचा दरवाजा लागेना. पिळलेली बॉडी मी तशीच बांधून ठेवली होती! शेवटचं आवळणं नेहमी गाडीचा भार चाकांवर असतानाच करायचं. खालचा ब्रेस असेल तर चारी चाकांखाली भक्कम रॅम्प घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच शिरू नका.

सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे धरतील एवढेच लावा. एखादं भोक जुळत नसेल तर कांबीने रेटून बसवू नका, ब्रेसचं भोक कानसने थोडं लांबट करा आणि खाली जाड वॉशर द्या. मग समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे, शेवटी टॉर्क पान्याने गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावर. स्ट्रट बार लावत असाल तर फक्त बाहेरचे नट सोडा. मधला, शॉकच्या दांड्याचा नट त्या दाबलेल्या स्प्रिंगला धरून असतो, त्याला हात लावायचा नाही. बॉनेट आपटण्यापूर्वी बारवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे गोळे ठेवून ते हळूच बंद करा. गोळा चपटा झाला तर बार बॉनेटला लागतोय.

फरशीखालच्या पातळ रेल जॅकने चेपलेल्या असतात, त्यांच्यावर बसणारी पोलादी खोळ मिळते. माझ्या चाचणीत सगळ्यात जास्त फरक तिनेच पाडला, पण तिला भोकं पाडावी लागतात. आधी कार्पेट उचला, वायरिंग बाजूला करा, खालून ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या कुठून जातात ते खडूने आखा. पोकळ भागातून बोल्ट जात असेल तर आत नळीचा तुकडा घाला, नाहीतर आवळताना पत्रा चेपून बसतो. प्रत्येक भोकाच्या कडेला झिंक प्रायमर, आतून मेणाचा फवारा. खोळ आणि रेल यांच्यामध्ये पाणी साचलं तर दोन पावसाळ्यांत ताठपणाऐवजी गंज मिळेल.

सीटमागे रोल बार लावणार असाल तर डोकं आपटू शकेल तेवढ्या भागावर पॅडिंग हवंच. आणि पुढचा भागच फार ताठ केलात तर वळणात पुढची चाकं बाहेर पळतात असं वाटू शकतं, म्हणून एका वेळी एकच ब्रेस लावून आठवडाभर चालवा.

शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. मी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढून ठेवतो. खाली वाकून टॉर्च मारला की पुरतं, रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरलाय.