साइटवर लोक येत होते, फोन येत नव्हता

गूगलवरून लोक यायचे, चौकशी मात्र शून्य. सर्च कन्सोल (लोक गूगलवर काय शोधून साइटवर येतात ते दाखवणारं गूगलचं साधन) उघडून पाहिलं, तर बहुतेक जण 'दुरुस्तीचा खर्च' शोधत येत होते आणि पानावर आधी आमची ओळख, खर्चाचा अंदाज पार तळाशी. तो सगळ्यात वर घेतला, पानाचं शीर्षकही त्याच शब्दांत लिहिलं. फोन नंबर चित्रात होता, मोबाइलवर दाबून काहीच व्हायचं नाही. तो मजकुरात टाकून 'टेल' लिंक (दाबल्यावर थेट फोन लावता येतो अशी) लावली. फॉर्मचे नऊ रकाने होते, तीनच ठेवले. वरचा जड फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये बदलल्यावर एलसीपी (पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत आला (गूगल तेवढं चांगलं मानतं). पण खरं सांगायचं, तर सगळ्यात जास्त फरक पडला तो खर्चाचा अंदाज वर घेतल्यामुळे. त्याच आठवड्यात फोन यायला लागले.