घरच्या घरी केमिकल पील: डाग आणि खडबडीतपणासाठी मवाळ पद्धत

केमिकल पील म्हणजे त्वचेवर थोडा वेळ अ‍ॅसिड लावून तिचा वरचा थर सैल करणं. घरी केलेल्या पीलमधून होणारं बहुतेक नुकसान घाईतून होतं. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेतल्या रंगपेशी चटकन चिडतात. त्वचा जराशी भाजली, सुजली की त्या जास्त मेलॅनिन (त्वचेचं रंगद्रव्य) बनवतात आणि जो डाग घालवायला निघालो तोच दोन-तीन आठवड्यांनी आणखी गडद होतो. म्हणून खालची पद्धत मुद्दाम मवाळ ठेवली आहे: सौम्य अ‍ॅसिड, थोडा वेळ, मध्ये पुरेसं अंतर. चेहऱ्याची साल निघाली नाही म्हणजे पील वाया गेलं, असं समजू नका. हलक्या पीलमध्ये मृत पेशींचा वरचा थर सैल होऊन न दिसता झडतो. घरी आपल्याला तेवढंच हवं आहे.

आधी डाग कोणता ते पाहा

डागावर पारदर्शक काचेचा तुकडा किंवा पेल्याचा तळ हलकेच दाबा. रंग दाबाखाली जात असेल, तर तो मुरूम बरा झाल्यावर मागे राहिलेल्या रक्तवाहिन्यांचा लालसरपणा आहे. त्याला पीलचा फारसा उपयोग नाही, वेळ आणि सनस्क्रीन लागतं. दाबूनही तपकिरी रंग तसाच राहिला, तर ते मेलॅनिन आहे आणि ते वरच्या थरात असेल तर पीलला चांगला प्रतिसाद देतं. राखाडी-निळसर छटेचा डाग त्वचेत खोल असतो. घरचं पील तिथवर पोहोचतच नाही.

खडबडीतपणाचंही तसंच. बारीक दाणेदारपणा, निस्तेजपणा, बंद छिद्रं यांत फरक पडतो. मुरुमांनी पडलेले खड्डे मात्र भरत नाहीत. टाचणीने टोचल्यासारखे अरुंद, खोल खड्डे तर नाहीच नाही. त्यांच्यासाठी डॉक्टरकडच्या वेगळ्या उपचारपद्धती आहेत.

गालांवर आणि कपाळावर दोन्ही बाजूंनी सारखे पसरलेले चट्टे बहुधा वांग असतं. त्यामागे ऊन आणि हार्मोन्स असतात, शिवाय उष्णता आणि साधा दृश्य प्रकाशही ते वाढवतो. वांगावर एकटं पील केलं तर सुरुवातीला फिकं वाटतं आणि मग उलटतं. त्यासाठी आधी त्वचारोगतज्ज्ञच गाठावा. मानेवर, काखेत मखमलीसारखी जाड झालेली काळपट त्वचा बऱ्याचदा इन्सुलिनशी संबंधित असते. तिथे रक्ततपासणी पीलच्या आधी येते. आणि आकार, कड किंवा रंग बदलणारा, खाजणारा, रक्त येणारा तीळ असेल तर त्यावर काहीही लावू नका, दाखवून घ्या.

अ‍ॅसिड कोणतं घ्यायचं

ग्लायकोलिक अ‍ॅसिडचा रेणू इथल्या अ‍ॅसिडांत सर्वांत लहान, रेणुभार ७६. तो पटकन आणि असमान आत शिरतो, म्हणून नवख्या हातात तोच सर्वांत जास्त दगा देतो. लॅक्टिक अ‍ॅसिडचा रेणुभार ९०, शिवाय ते त्वचेत ओलावा धरून ठेवायलाही मदत करतं. मँडेलिकचा रेणुभार १५२, म्हणजे ग्लायकोलिकच्या बरोबर दुप्पट. ते हळू शिरतं, कमी जळजळतं, त्यामुळे सावळ्या त्वचेसाठी आणि पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी आमची पसंती मँडेलिकला, त्याखालोखाल लॅक्टिकला.

तेलकट त्वचा, काळे-पांढरे ठिपके (ब्लॅकहेड्स, व्हाइटहेड्स) आणि मुरूम असतील तर सॅलिसिलिक अ‍ॅसिड उपयोगी, कारण ते तेलात विरघळून छिद्राच्या आत जातं. पण घरी त्याचं २ टक्क्यांचं, लावून ठेवायचं उत्पादन पुरेसं आहे. २०-३० टक्क्यांचं सॅलिसिलिक पील दवाखान्यातच करावं. त्यातलं अल्कोहोल उडून गेलं की त्वचेवर पांढरे स्फटिक उरतात आणि ते पाण्याने पुसले जातात. खरं फ्रॉस्टिंग, म्हणजे त्वचेतली प्रथिनं गोठून आलेला पांढरेपणा, पुसला जात नाही. हा फरक अनुभव नसलेल्याला ऐनवेळी कळत नाही. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर सॅलिसिलिक टाळाच. अंगाच्या मोठ्या भागावर ते लावलं तर शरीरात शोषलं जाऊन कान वाजणं, चक्कर असे त्रास होऊ शकतात.

टीसीए (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड) घरी आणू नका, कोणत्याही टक्क्यांचं. ते प्रथिनं गोठवतं. पांढरेपणा दिसेपर्यंत काम होऊन गेलेलं असतं आणि पाणी ओतून ते मागे फिरवता येत नाही. एक थर जास्त झाला तर कायमचा व्रण राहू शकतो. फिनॉल तर रक्तात शोषलं जाऊन हृदयाच्या लयीवर परिणाम करतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषध आणि सौंदर्यप्रसाधनांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२४ मध्ये जास्त तीव्रतेची पील उत्पादनं देखरेखीशिवाय विकत घेऊ वा वापरू नयेत असा इशारा दिला, तो अशाच भाजण्यांमुळे.

टक्का आणि पीएच एकत्रच वाचायचे

बाटलीवरची टक्केवारी अर्धीच माहिती देते. त्वचेवर काम करतं ते मोकळं अ‍ॅसिड, आणि ते किती आहे हे पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ठरवतो; पीएच जितका कमी तितकं मोकळं अ‍ॅसिड जास्त. लॅक्टिक अ‍ॅसिडचा पीकेए ३.८६ आहे, म्हणजे त्या पीएचला निम्मं अ‍ॅसिड मोकळं असतं. पीएच ३ ला सुमारे ८८ टक्के मोकळं, पीएच ४ ला सुमारे ४२ टक्के. हिशोब करा: पीएच ३ चं १० टक्के लॅक्टिक आणि पीएच ४ चं २० टक्के लॅक्टिक यांत मोकळं अ‍ॅसिड जवळपास सारखंच भरतं, दोन्हींत आठ ते नऊ टक्के. उलट २० टक्क्यांच्या दोन बाटल्यांपैकी एकीचा पीएच ३ आणि दुसरीचा ४ असेल, तर पहिली दुपटीहून जोरकस असते. लेबल मात्र दोन्हींवर एकच.

म्हणून ज्या उत्पादनावर पीएच दिलेला नाही ते घेऊच नका. शंका असेल तर २.५ ते ४.५ अशा अरुंद पल्ल्याच्या पीएच पट्टीने तपासा. ० ते १४ ची पट्टी इथे फार ढोबळ पडते. अल्कोहोलमध्ये बनवलेल्या पीलवर पट्टीचा आकडा विश्वासार्ह नसतो.

सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांची सुरक्षितता तपासणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळाने १९९८ मध्ये ग्लायकोलिक आणि लॅक्टिकसाठी घातलेली मर्यादा आजही चांगला आधार आहे: घरगुती वापराला १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ किंवा त्याहून जास्त. प्रशिक्षित हातांनी करून लगेच धुण्यासाठी ३० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३ किंवा जास्त. आमचा सल्ला असा: १० टक्के, पीएच ३.५ ते ३.८ ने सुरुवात करा. तीन वेळा काहीही त्रास झाला नाही तरच, त्या घरगुती मर्यादेपलीकडे जाऊन, मँडेलिक किंवा लॅक्टिक २० टक्के, आणि तिथेही पीएच ३.५ च्या खाली नाही. ग्लायकोलिक १० टक्क्यांवरच थांबवा. मोकळ्या पावडरीतून घरी द्रावण बनवायच्या भानगडीत पडू नका.

कोणी करू नये

चेहऱ्यावर जखम, इसब, सनबर्न किंवा पू भरलेले मुरूम असताना करू नका. ओठांवर हर्पिसचे फोड वारंवार येत असतील, जखमेवर जाड व्रण वाढायची प्रवृत्ती असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गेल्या सहा महिन्यांत बंद झाल्या असतील तर घरी पील नको. गरोदरपणातही डॉक्टरला विचारूनच. गोरं करणारं किंवा डाग घालवणारं क्रीम महिनोन्‌महिने लावलं असेल तर त्यात स्टेरॉइड होतं का ते आधी तपासा. स्टेरॉइडने पातळ झालेल्या त्वचेवर सौम्य पीलही भाजतं.

तयारी

पीलच्या आधी दोन आठवडे रोज सकाळी एसपीएफ ३० किंवा जास्तीचं ब्रॉड स्पेक्ट्रम सनस्क्रीन लावा. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढं. ही सवय जमत नसेल तर पील करूच नका, कारण त्यानंतर त्वचा उन्हाला अधिक हळवी होते. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, स्क्रब, इतर अ‍ॅसिडं सात दिवस आधी बंद. वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच यांनाही सात दिवसांचं अंतर; दाढी आदल्या दिवशी करू नये.

पॅच टेस्ट जबड्याच्या कडेला, कानाखाली करा. रुपयाच्या नाण्याएवढी जागा, एक मिनिट, मग धुवा. ४८ तासांत फोड, सूज किंवा टिकून राहणारी खाज दिसली तर उत्पादन बाद. त्वचा काळवंडायची सवय असेल तर तीच जागा आणखी दोन आठवडे पाहा. काळेपणा उशिरा उमटतो आणि दोन दिवसांत कळत नाही.

पील करताना

रात्रीची वेळ निवडा. सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून कोरडा करा आणि दहा मिनिटं थांबा. ओलसर त्वचेत अ‍ॅसिड जास्त आणि असमान शिरतं. नाकपुड्यांच्या खोबणी, ओठांचे कोपरे, डोळ्यांच्या कडा आणि ताज्या ओरखड्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. अ‍ॅसिड नेमकं या खाचांत साठतं आणि पहिला काळा डाग तिथेच पडतो. कॉन्टॅक्ट लेन्स काढा, केस मागे बांधा, नळ समोर ठेवा, टायमर लावा.

वाटीत २ ते ३ मिली पील घ्या. बाटली थेट चेहऱ्यावर टेकवायची नाही. गॉजचा तुकडा किंवा चपटा ब्रश बुडवून चांगला निथळून घ्या. थेंब ओघळत असेल तर तो जास्त भिजलाय. क्रम असा: कपाळ, नाक, गाल, हनुवटी, आणि शेवटी वरच्या ओठावरचा भाग. जाड त्वचा आधी, पातळ त्वचा शेवटी. डोळ्यांभोवतीच्या हाडाच्या आत जायचं नाही. अर्ध्या मिनिटात लावून संपवा आणि एकाच जागेवरून पुन्हा फिरवू नका. दुसरा फेरा म्हणजे तिथे दुप्पट मात्रा. टायमर पहिला स्पर्श झाला तेव्हाच सुरू करायचा.

पहिल्या वेळी १० टक्क्यांचं पील दोन मिनिटं. पुढे दर वेळी एक मिनिट वाढवत पाच मिनिटांपर्यंत. २० टक्क्यांवर गेल्यावर पुन्हा एका मिनिटापासून सुरुवात आणि तीन मिनिटांवर थांबायचं. उत्पादनावर याहून कमी वेळ दिला असेल तर तोच पाळा.

हलकी चुरचुर, खाज, कोमटपणा चालेल. दहापैकी चारच्या वर जळजळ गेली, एखादी जागा राखाडी किंवा पांढरी दिसू लागली, किंवा एकाच ठिकाणी टोचायला लागलं, तर टायमरकडे न पाहता धुवा. गार पाण्याने निदान तीन मिनिटं, डोळे मिटून, हाताने न चोळता. खायच्या सोड्याचं द्रावण लागत नाही. अ‍ॅसिडवर सोडा पडला की फेस येतो, आणि घरच्या तीव्रतेला भरपूर पाणी पुरतं. डोळ्यात गेलं तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि मग डॉक्टरकडे जा.

पुढचा आठवडा

त्या रात्री सुवासरहित साधं मॉइश्चरायझर, बाकी काही नाही. दोन दिवस गरम पाणी, वाफ, घाम काढणारा व्यायाम टाळा. लालसरपणा काही तासांत, फार तर एका दिवसात उतरतो. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत नाकाशेजारी, हनुवटीवर थोडा कोंडा दिसेल. तो ओढू नका. सुटलेली कड तुमच्या बोटाने खेचली की खालची न पिकलेली त्वचा उघडी पडते आणि तिथेच डाग बसतो. कोरडेपणा वाटला तर मॉइश्चरायझरवर पेट्रोलियम जेलीचा पुसट थर पुरे. व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, स्क्रब सात दिवस नको. सनस्क्रीन सकाळी लावा आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा. वांगाकडे झुकणारी त्वचा असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्या, कारण साधं सनस्क्रीन दृश्य प्रकाश फारसा अडवत नाही.

फोड, पाणी सुटणं, खपली धरणं, एक दिवसानंतरही वाढत जाणारं दुखणं, पिवळा पू यांपैकी काहीही दिसलं तर जेली लावून ठेवा आणि त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. त्यावर दुसरं क्रीम, कोरफड, घरात पडलेलं स्टेरॉइड असले प्रयोग नकोत. काळेपणा उमटू लागला तर पील बंद, ऊन कडक टाळायचं आणि उपचार लवकर सुरू करायचे. ताजा काळेपणा जुन्यापेक्षा लवकर जातो.

दोन पीलमध्ये किमान दोन आठवडे ठेवा, सावळ्या त्वचेला तीन ते चार. वरची त्वचा नवी व्हायला साधारण महिना लागतो आणि वयानुसार हा काळ वाढतो, म्हणून एका पीलवरून निकाल काढू नका. दर वेळी पील करण्याआधी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, फ्लॅश न वापरता फोटो काढा. आरशात रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो. सहा पील झाल्यावरही पहिल्या आणि शेवटच्या फोटोत डाग तितकाच गडद दिसत असेल, तर तो घरच्या पीलच्या आवाक्यातला नाही; टक्का वाढवू नका, फोटो घेऊन डॉक्टरकडे जा.