टीव्ही घेताना या चुका टाळा: पैसे पॅनलला द्या, खोक्यावरच्या शब्दांना नको

टीव्हीत एकच गोष्ट अशी असते जी नंतर बदलता येत नाही, ती म्हणजे पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा. आवाज कमी पडला तर साउंडबार लावता येतो. ॲप्स रखडायला लागली तर स्ट्रीमिंग स्टिक जोडता येते. पण पॅनल सामान्य निघाले तर ते संच बदलेपर्यंत तसेच राहते, आणि ते फुटले तर दुरुस्तीचा खर्च अनेकदा नव्या संचाच्या जवळ जातो. तरीही खरेदीच्या वेळी बहुतेकांचे लक्ष ॲप्सवर, रिमोटवरच्या बटणांवर आणि खोक्यावरच्या चिन्हांवर असते.

दुकानात ओळीने लावलेल्या संचांत जो सर्वांत झगझगीत दिसतो तो चांगला वाटतो. खरे तर तो बहुधा 'स्टोअर मोड'मध्ये असतो: बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड) पूर्ण, रंग भडक, चित्राच्या कडा कृत्रिमपणे धारदार. दाखवायचा व्हिडिओही तसाच निवडलेला असतो. रिमोट मागून घ्या, पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'वर आणा आणि रात्रीचा प्रसंग असलेले काहीतरी लावायला सांगा. काळा भाग राखाडी दिसतो का, चेहऱ्यावरची कातडी नैसर्गिक वाटते का आणि दोन पावले बाजूला सरकल्यावर रंग फिके पडतात का, एवढे बघा.

या तिसऱ्या तपासणीत पॅनलचा प्रकार ओळखू येतो. एलसीडी पॅनलचे व्हीए आणि आयपीएस असे दोन मुख्य प्रकार आहेत. व्हीए पॅनलचा काळा रंग गडद असतो, पण बाजूने पाहिल्यास चित्र धुरकट होते. आयपीएस बाजूनेही नीट दिसते, पण अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा राखाडी वाटतो. सगळे समोर बसून पाहणार असतील तर व्हीए घ्या; खोलीभर विखुरलेले लोक पाहत असतील तर आयपीएस. 'क्यूएलईडी' या नावाने फसू नका. तो एलसीडीच असतो, फक्त रंग सुधारण्यासाठी क्वांटम डॉटचा (अतिसूक्ष्म कणांचा) थर जोडलेला. ओएलईडीमध्ये मात्र प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे दोन्ही अडचणी मिटतात. पण स्थिर पट्ट्या असलेली बातम्यांची वाहिनी रोज तासन्तास चालणार असेल, तर त्या पट्ट्यांचा डाग पडद्यावर कायमचा बसण्याचा धोका असतो. आणखी एक गोष्ट: एकाच मालिकेतल्या ४३ आणि ५५ इंची संचांत पॅनल वेगवेगळे असू शकते. म्हणून माहिती शोधताना पूर्ण मॉडेल क्रमांक टाका.

आकार ठरवण्याआधी सोफ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर फीतपट्टीने मोजा. पडद्याच्या कर्णाच्या १.२ ते १.६ पट अंतर आरामाचे समजतात. ५५ इंचांचा कर्ण १४० सेंटिमीटर, म्हणजे साधारण १७० ते २२५ सेंटिमीटर. फोर-के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेल) आणि फुल एचडीतला फरकही अंतरावरच ठरतो. ५५ इंची पडद्यावर सुमारे सव्वादोन मीटरपलीकडून आणि ४३ इंचीवर १.७ मीटरपलीकडून साधारण नजरेला तो जवळजवळ कळत नाही. तीन मीटरवर बसणाऱ्याने ४३ इंची फोर-केसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा चांगल्या पॅनलचा मोठा संच पाहावा.

बऱ्याच तक्रारी एचडीआरच्या, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक वाढवून दाखवणाऱ्या चित्रपद्धतीच्या असतात: 'एचडीआर लागले की चित्र काळवंडते.' कारण सरळ आहे. एचडीआर चित्रपट बहुतेक वेळा १००० निट (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) उजेड गृहीत धरून तयार होतात. स्वस्त पॅनल २५० ते ३०० निटवर थांबते आणि त्यात बॅकलाइट भागाभागाने मंद करण्याची सोय, म्हणजे लोकल डिमिंग, नसते. मग संच सगळे चित्र खाली दाबून बसवतो आणि मधल्या छटा अंधारतात. आधी ऊर्जाबचत आणि उजेडाचा सेन्सर बंद करा. तरीही फरक पडला नाही तर जोडलेल्या स्टिकच्या सेटिंगमध्ये एचडीआर बंद ठेवा. चित्र बहुधा सुधारेल. किमान ५०० ते ६०० निट आणि लोकल डिमिंग नसेल, तर एचडीआरच्या चिन्हासाठी वेगळे पैसे देऊ नका.

'मोशन रेट २४०' असे लिहिलेले असले तरी पॅनल ६० हर्ट्झचे असू शकते. तपशिलात 'रिफ्रेश रेट', म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, शोधा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचे असतात, त्यांना ६० पुरतात; वेगवान खेळ आणि गेमसाठी १२० खरोखर उपयोगी. घरी आणल्यावर सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसत असेल, तर मोशन स्मूदिंग (मूळ चौकटींमध्ये कृत्रिम चौकटी घालणारी सोय) बंद करा.

एचडीएमआय पोर्ट किमान तीन हवेत, कारण साउंडबार एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारा) पोर्ट अडवतो. गेम कन्सोल जोडूनही फोर-के एचडीआर मिळत नसेल, तर त्या पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एन्हान्स्ड' पर्याय चालू करा. तो अनेकदा बंद असतो. चित्रात ठिणग्या उडत असतील किंवा पडदा दोन सेकंद काळा होत असेल, तर आधी केबल बदला. सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेणारी, शक्यतो दोन मीटरच्या आतली घ्या.

संवाद नीट ऐकू येत नसतील तर साउंडबार घेण्याआधी ॲपमधला आवाज ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांसाठीचा आवाज) वरून स्टिरिओवर आणा. ५.१ मधले संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात. टीव्हीच्या दोन छोट्या स्पीकरांत ते सामावताना संवाद संगीताखाली दडतात.

संच घरी आला की परत करण्याची मुदत संपण्याआधी पडदा तपासा. पूर्ण पांढऱ्या चित्रावर मेलेले पिक्सेल दिसतात, करड्यावर उभ्या पट्ट्या आणि डाग, अंधाऱ्या खोलीत काळ्यावर कोपऱ्यांतून गळणारा उजेड. तोपर्यंत खोके टाकू नका, आणि संच कधीही आडवा ठेवून नेऊ नका. मधल्या भागावर दाब येऊन पॅनल तडकते. भिंतीवर लावताना ब्रॅकेट मागच्या भोकांच्या अंतराशी जुळते का पाहा. स्क्रू माहितीपुस्तकात दिलेल्या लांबीचेच वापरा: जास्त लांब स्क्रू आतल्या भागांत घुसून नुकसान करू शकतो. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर, जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटिमीटरवर ठेवा.