आरसिंकच्या चाचण्या शेलमध्ये लिहिताना

अंधेरीतील एका लहान कंपनीत रुजू झाल्यावर माझ्याकडे पहिलेच काम आले ते अंधेरी आणि फोर्ट येथील दोन कार्यालयांचे फोल्डर रोज रात्री एकसारखे करणाऱ्या व्यवस्थेच्या चाचण्या लिहिण्याचे. ही व्यवस्था आरसिंकवर, म्हणजे दोन ठिकाणच्या फाइली एकसारख्या ठेवणाऱ्या साधनावर, उभी होती. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली आणलेल्या इतक्या जुन्या साधनात आता चुका त्या काय सापडणार, असे मला वाटले होते; ते एका अर्थी खरेही ठरले, कारण पुढच्या काही महिन्यांत सापडलेल्या बहुतेक चुका माझ्याच स्क्रिप्टमध्ये होत्या.

पहिली चूक लाजिरवाणी होती. निकाल पडद्यावर दिसावा आणि लॉगमध्येही उतरावा म्हणून मी चाचणीची आज्ञा पाइपने, म्हणजे एकीचे आउटपुट दुसरीकडे देणाऱ्या जोडणीने, ‘टी’ या आज्ञेला जोडली होती. पाइपमधील शेवटच्या आज्ञेचा एक्झिट कोड (यशापयश सांगणारा आकडा; शून्य म्हणजे यश) हाच शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, संपूर्ण ओळीचा निकाल मानते, आणि लॉग नीट लिहिला गेला की टी शून्यच परत करते. त्यामुळे आरसिंक अर्ध्यावर थांबले तरी माझी चाचणी उत्तीर्ण होत राहिली. बॅश या शेलमध्ये पाइपफेल हा पर्याय सुरू केल्यावर, म्हणजे पाइपमधील कोणतीही आज्ञा फसली तरी ओळ नापास ठरू लागल्यावर, हे थांबले. तेव्हापासून नवी चाचणी लिहिली की गंतव्य फोल्डरमधील एखादी फाइल मी मुद्दाम बिघडवते आणि चाचणी खरोखर नापास होते का, ते आधी पाहते.

खरा घाम काढला तो वेळेने. एक फाइल तयार करायची, ती सिंक करायची, तिच्यातील एक अक्षर बदलून पुन्हा सिंक करायची आणि दोन्ही प्रती ताडून पाहायच्या, अशी ती साधी चाचणी होती. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ती बहुधा उत्तीर्ण होई, पण कार्यालयाच्या वेगवान सर्व्हरवर वारंवार नापास होई, आणि मी सर्व्हरलाच दोष देत बसले होते. आरसिंक मूळ वर्तनानुसार फक्त फाइलचा आकार आणि बदलाची वेळ पाहते, आणि वेळेची तुलना पूर्ण सेकंदांतच करते. जलद यंत्रावर दोन्ही लेखने एकाच सेकंदात उरकत, आकारही तोच राही, म्हणून आरसिंकच्या दृष्टीने काहीच बदललेले नसे. मध्ये एक सेकंद थांबण्याची आज्ञा टाकणे हा सोपा उपाय होता, पण शेकडो चाचण्यांत असे सेकंद साचत जातात. त्याऐवजी मी फाइलची वेळ बदलणारी टच ही आज्ञा वापरून दोन्ही फाइलींची वेळ मुद्दाम एकच केली आणि एकाच्या दोन चाचण्या केल्या: साध्या सिंकमध्ये बदल पोहोचता कामा नये, आणि चेकसमचा पर्याय (फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा ताडण्याचा) दिल्यावर तो पोहोचलाच पाहिजे.

प्रत्येक चाचणीने मेकटेम्प या आज्ञेने स्वतःचा तात्पुरता फोल्डर करावा आणि बाहेर पडताना ट्रॅप या आज्ञेने तो पुसावा. फोल्डरच्या नावाचा व्हेरिएबल अवतरणचिन्हांत ठेवा. पुसण्याच्या आज्ञेत तो रिकामा निघाला तर काय होईल, याचा प्रयोग करू नका. फोल्डरच्या तुलनेसाठी फरक दाखवणारी डिफ ही आज्ञा पुरेशी वाटते, पण ती परवानग्या आणि वेळा पाहत नाही. त्या स्टॅट या आज्ञेने वेगळ्या तपासाव्या लागतात. आरसिंककडून एक्झिट कोड २४ आला तर घाबरू नये: सिंक चालू असताना मूळ फाइल नाहीशी झाली, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटचे प्रकरण मराठीचेच होते. ‘दुसऱ्या तिमाहीचा ताळेबंद’ ही फाइल फोर्टमधील जुन्या मॅकवर जाऊन परत आली की आमच्या लिनक्स सर्व्हरवर दोनदा दिसे. युनिकोडमध्ये ‘ऱ’ एकाच चिन्हाने लिहिता येतो किंवा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) मिळूनही; त्या मॅकची जुनी फाइलप्रणाली नावे विलग रूपात साठवत होती, आणि लिनक्सला ती दोन निराळी नावे वाटत. फाइलनावांचे रूप बदलून देणाऱ्या आरसिंकच्या आयकॉन्व्ह पर्यायाने प्रश्न मिटला. चाचणीत मात्र हे नाव कीबोर्डवरून टंकून चालत नाही, कारण त्यातून नेहमी एकच रूप उमटते. म्हणून प्रिंटएफ या आज्ञेला थेट बाइट देऊन मी ‘ऱ’ची दोन्ही रूपे घडवते, एक तीन बाइटचे आणि दुसरे सहा.