बेल्ट लावलाय, पण हाडावर बसलाय का? मुलांना घेऊन गाडी काढताना या चुका टाळा

आनेवाडीचा टोलनाका जवळ आला की गाडीत बेल्ट ओढल्याचे आवाज येतात आणि नाका मागं पडला की ते सुटतात. हे चूक आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर फार लिहीत नाही. मला जास्त काळजी वाटते ती मनापासून बेल्ट लावणाऱ्या घरांची. तिथं बेल्ट असतो, लेकरासाठी पैसे घालून आणलेली सीटही असते, पण पट्टा पोटावर, मानेवर नाहीतर काखेत गेलेला असतो. असा पट्टा ऐन वेळी वाचवायचं सोडून स्वतःच इजा करतो.

बेल्टचं सगळं गणित हाडांवर आहे. कमरेचा पट्टा दोन्ही खुब्यांच्या हाडांवर बसायला हवा. खांद्याचा पट्टा कॉलरबोनच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) मधोमध येऊन छातीच्या पिंजऱ्यावरून तिरका खाली यायला हवा. ही हाडं मोठा धक्का सोसतात. पोटाला आणि मानेला असा आधार नाही. तिथं पट्टा आवळला गेला तर मार थेट आतड्यांना, लिव्हरला, मणक्याला बसतो. पुढं सांगितलेली प्रत्येक चूक या एका कसोटीवर तपासता येते.

मोठ्यांच्या चुका

आधी स्वतःचा पट्टा बघा. सीटवर पुढं सरकून, ऐसपैस बसून बेल्ट लावला की तो पोटावर चढतो. पाठ आणि कंबर सीटला टेकवून बसा, पट्टा लावा, कमरेचा भाग हाताने खाली मांड्यांच्या सांध्याकडे सारा आणि मग खांद्याचा भाग वर ओढून ढिलाई काढा. ही शेवटची ओढ बहुतेकजण विसरतात. पट्ट्याला पीळ असेल तर उलगडा, कारण पिळलेला पट्टा सगळा भार अरुंद जागेवर टाकतो. जाड शाल किंवा जॅकेट असेल तर पट्टा त्याच्या आतून घ्या.

रात्री पुण्याहून साताऱ्याकडे येताना शेजारचा माणूस सीट पार मागं पाडून झोपतो. ही सवय फार वाईट. आडव्या अंगावर खांद्याचा पट्टा छातीपासून सुटा राहतो, आणि धक्का बसला की माणूस कमरेच्या पट्ट्याखालून पुढं घसरतो. मग तोच पट्टा पोटात रुततो. झोप येत असेल तर मान टेकेल इतपतच सीट कलवा.

गरोदर बाईने बेल्ट लावू नये, असं अजूनही घराघरांत सांगितलं जातं. उलट तिने तो लावलाच पाहिजे. कमरेचा पट्टा पोटाच्या गोलाईखालून, खुब्यांवरून न्यायचा आणि वरचा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने. पोटावरून आडवा कधीच नाही.

मागच्या सीटवर बेल्ट लागत नाही, हा समज तर जिवावर बेतणारा आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. मागं बसलेले दोघे दगावले, पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. मागचा मोकळा माणूस पुढच्या सीटवर आदळतो, तेव्हा पुढच्याचाही जीव धोक्यात येतो. कायद्यातही पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवर बेल्ट बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ ब प्रमाणे बेल्ट नसेल तर १००० रुपये दंड आहे. १४ वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा मुलांच्या सीटने सुरक्षित केलेलं नसेल तरी तेवढाच दंड चालकाला होतो.

आपल्याकडे यातली मोठी अडचण वेगळीच आहे. नवी गाडी आली की पूजेच्या आधी रेक्झिनचं सीट कव्हर चढतं, आणि मागच्या सीटची बकलं त्या कव्हराखाली कायमची गाडली जातात. मागं बेल्ट लावायचा म्हटलं तरी खोचायला जागाच नाही, अशा गाड्या गल्लोगल्ली आहेत. आज घरी गेल्यावर मागच्या सीटमध्ये हात घालून सगळी बकलं वर काढा. कव्हरवाल्याकडून तिथं नीट भोकं पाडून घ्या. पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅगची पट्टी किंवा खूण असेल तर साधं कव्हर तिथं अजिबात नको. सीटमधली एअरबॅग त्या कव्हरात अडकते.

बेल्ट न लावल्यावर वाजणारा आवाज बंद करायला बकलात खोचायची नुसती क्लिप गाडीत असेल तर काढून फेका. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशा क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या, इतका तो धोकादायक प्रकार आहे. आणि एअरबॅग आहे म्हणून बेल्ट नको, असं समजू नका. एअरबॅग बेल्ट लावलेल्या माणसासाठीच बनवलेली असते. मोकळा माणूस तिच्यावर जाऊन आपटला तर तिचाच मार बसतो.

“द्या की हिकडं, मी घेते मांडीवर”

हे वाक्य प्रेमाचं आहे, म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड जातं. तरी द्यायलाच हवं. गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे आणि कशाला तरी धडकून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, असं धरा. अशा वेळी १० किलोच्या लेकराचा ओढा सुमारे २०० किलोइतका होतो. १० किलोची गुळाची ढेप आपण दोन हातांनी सहज उचलतो, पण २०० किलो कराडच्या मार्केटातला हमालही धरू शकणार नाही. ताकद कमी पडते यात आजीचा किंवा आईचा काही दोष नाही, ते कुणालाच शक्य नाही. त्यात आईने बेल्ट लावलेला नसेल तर तिचं सगळं वजन लेकरावर येतं. एकाच बेल्टमध्ये आई आणि मूल दोघांना बांधलं तरी हेच होतं: मूल आईच्या अंगाखाली चिरडलं जातं.

आजीला एवढंच म्हणा, “आई, तुम्ही त्याच्या शेजारी मागं बसा, हात धरा, गोष्ट सांगा.” सोबत मिळाली की आजीही मानते आणि लेकरूही शांत बसतं. मुलांसाठी मागची सीट मुळातच जास्त सुरक्षित.

बाळंतीण मिरजेच्या दवाखान्यातून घरी निघते, तेव्हा बाळाचा पहिला प्रवास बहुतेक वेळा दुपट्यात गुंडाळून मांडीवरच होतो. त्याच दिवशी तान्ह्या बाळाची सीट गाडीत असावी, असा आग्रह मी धरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे मुलांच्या सीटमुळे तान्ह्या बाळांच्या मृत्यूंमध्ये ७१ टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते. बारशासाठी पाळणा, झबली, खेळणी आणणाऱ्या मामाला आणि आत्याला यंदा ही सीट सुचवा.

सीट बसवताना होणाऱ्या चुका

पहिली आणि सगळ्यात घातक चूक म्हणजे बाळाला लवकर पुढं तोंड करून बसवणं. “त्याला बाहेरचं दिसत नाही, रडतं” म्हणून सहाव्या महिन्यात सीट फिरवली जाते. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड असतं, मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात. तोंड पुढं असेल तर समोरून धडक बसल्यावर डोकं झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागं असेल तर पाठ, मान आणि डोकं सीटच्या पाठीत एकत्र सामावलं जातं. नव्या युरोपीय मानकात किमान १५ महिन्यांपर्यंत तोंड मागंच ठेवायला सांगितलं आहे. सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल तर त्यानंतरही तसंच ठेवा. पाय दुमडले म्हणून काळजी करू नका, मुलं मांडी घालून मजेत बसतात.

मागं तोंड असलेली सीट पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नाही. एअरबॅग फुटली की ती सीटच्या पाठीवर, म्हणजे थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते. यात कसलाही अपवाद नाही.

दुसरी चूक पट्ट्याच्या वाटेची. गाडीच्या बेल्टने बांधायच्या सीटवर बेल्ट कुठून घालायचा ते रंगाने दाखवलेलं असतं. जुन्या युरोपीय मानकाच्या सीटवर मागं तोंड असताना निळी खूण आणि पुढं तोंड असताना लाल. घाईत बेल्ट भलत्याच फटीतून जातो, आणि सीट जागेवर असल्यासारखी नुसती दिसते. तपासायची सोपी रीत अशी: जिथून बेल्ट जातो तिथं सीट धरून जोरात हलवा. अडीच सेंटिमीटरहून जास्त हलली तर गुडघ्याने दाबून पुन्हा आवळा.

आयसोफिक्स, म्हणजे बेल्टशिवाय मुलाची सीट थेट गाडीच्या कड्यांना अडकवायची सोय असेल तर मागच्या सीटच्या बैठकीच्या आणि पाठीच्या फटीत दोन लोखंडी कड्या बोटाला लागतात. मुलाच्या सीटचे दोन्ही हात त्यांत बसल्यावर खूण हिरवी झाली पाहिजे. इथंच थांबू नका. मुलाच्या सीटच्या वरच्या बाजूने मागं जाणारा पट्टा असेल तर तो गाडीच्या सीटच्या पाठीमागच्या किंवा डिकीतल्या ठरलेल्या कडीलाच अडकवा. सामान बांधायच्या हुकात अडकवलेला पट्टा धक्क्यात तुटून येतो. खाली आधाराचा पाय असेल तर तो फरशीवर घट्ट टेकलेला हवा, जाड मॅटवर तरंगता नको.

लेकरू सीटमध्ये आहे, पण पट्टे ढिले

पाचगणी-महाबळेश्वरच्या थंडीत ही चूक हटकून होते. जाड स्वेटर, वर जॅकेट, त्यावर पट्टे आवळले की आपल्याला वाटतं घट्ट बसले. धक्का बसला की आतली हवा दबते आणि पट्टा बोटभर नव्हे, चांगला वितभर ढिला निघतो. जाड कपडा काढा, पट्टे आवळा, मग वरून पांघरूण घाला. तान्ह्याचंही तसंच. दुपट्यात पाय गुंडाळलेले असले तर मांड्यांमधला पट्टा बसतच नाही, आणि जाड कुंची डोक्यामागे आली की हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. आधी पट्टे, मग दुपटं.

घट्टपणा बघायला कॉलरबोनजवळ पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरायचा प्रयत्न करा. चिमटीत आला तर ढिला आहे. मागं तोंड असेल तर खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीतून किंवा जरा खालून यावेत, पुढं तोंड असेल तर पातळीतून किंवा जरा वरून. मूल वाढतं, तसे हे बदलायचे राहून जातात.

सीट लहान झाली की लगेच मोठ्यांचा बेल्ट नको, मध्ये बूस्टर, म्हणजे मोठ्यांचा पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक लागते. साधारण १४५ ते १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत मोठ्यांचा पट्टा मुलाच्या मानेला घासतो. मग मूल काय करतं, तो पट्टा काखेखाली घेतं नाहीतर पाठीमागे टाकतं, आणि आपण “बेल्ट लावलाय ना” म्हणून निश्चिंत राहतो. काखेखालचा पट्टा नाजूक बरगड्या आत दाबतो. पाठीमागे टाकलेला पट्टा अंगाला धरतच नाही, सगळा भार पोटावर येतो. पाठ पूर्ण टेकवून गुडघे सीटच्या कडेवर वाकतात का, पट्टा खुब्यावर आणि खांद्याच्या मध्यावर येतो का, आणि कऱ्हाडपासून साताऱ्यापर्यंत मूल तसंच बसून राहतं का, हे बघा. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर “नाही” असं आलं तर बूस्टर ठेवा.

नेहमीच्या अडचणी

पसरणी घाटात किंवा यवतेश्वरच्या चढावर गाडी थांबवली आणि बेल्ट बाहेरच येईना, तर तो बिघडलेला नसतो. गाडी कललेली असली की आतली कुलूपयंत्रणा लागते. पट्टा पूर्ण आत जाऊ द्या आणि सावकाश ओढा. तरी नाही आला तर गाडी सपाटीला घ्या. झटके देऊ नका, झटक्याने तो आणखी अडकतो.

बकलात “टक्” आवाज येत नसेल तर आत बघा. सांगलीच्या गाड्यांत भडंग आणि शेंगदाण्याची टरफलं हमखास सापडतात. व्हॅक्युमने ओढून काढा. तेल, ग्रीस, डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे काही सोडायचं नाही, त्यावर धूळ बसून बकल आणखी जाम होतं. बेल्ट आत सावकाश जात असेल तर पट्टा आणि वरची कडी मळलेली असते. पट्टा पूर्ण ओढून कोमट पाणी आणि सौम्य साबणाने पुसा, खडखडीत वाळल्यावरच आत सोडा. कडा उसवल्या असतील तर पट्टा नवा घ्या. चांभाराकडून शिवून घेतलेला पट्टा भार पेलत नाही.

घाटात मुलाला उलटी व्हायला लागली की चालत्या गाडीत पट्टे सोडून त्याला खिडकीशी धरू नका. गाडी बाजूला सुरक्षित जागी घ्या, मग सोडा. जत-आटपाडीच्या उन्हात उभी केलेली गाडी असेल तर बकलाचं लोखंड आधी आपल्या हाताला लावून बघा, लेकराला चटका बसला की पुढचे कित्येक दिवस ते सीटमध्ये बसायला तयार होत नाही.

नातेवाइकांकडून सीट मिळाली तर खालच्या बाजूला छापलेली तारीख बघा आणि ती कधी अपघातात सापडली होती का ते स्पष्ट विचारा. अपघातातली सीट बाहेरून धड दिसली तरी वापरायची नाही. गाडीच्या बेल्टचंही तसंच: धडकेत ताणला गेलेला पट्टा आणि त्याचं आवळायचं यंत्र बदलावंच लागतं. अपघातानंतरच्या दुरुस्तीवरून गाडी ताब्यात घेताना एअरबॅगचा दिवा लागून राहिला असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला तो का लागलाय हे विचारा, आणि बिलात बेल्ट बदलल्याची नोंद आहे का ते वाचून घ्या.