ताण आल्यावर दोन मिनिटांची ज्ञानमुद्रा

तर्जनीचं टोक अंगठ्याच्या टोकाला टेकवलं की ज्ञानमुद्रा झाली, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. फरक पडतो तो बारकाव्यांनी.

खुर्चीत बसा, तळपाय जमिनीला टेकवा. हात लांब ताणून गुडघ्यांवर ठेवू नका. खांदे पुढे ओढले जातात आणि मान आखडते. तळवा वर करून मनगट मांडीच्या मध्यावर ठेवा, कोपर सैल सोडा. उजव्या हाताची मुद्रा करा. उरलेली तीन बोटं चित्रातल्यासारखी ताठ करायची गरज नाही. नखाखालचा गुलाबी रंग पांढरा पडला, तर दाब जास्त झाला. दोन बोटांत कागद धरला तर तो अलगद निसटावा, इतकाच स्पर्श हवा.

आता नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. ताण उतरतो तो मुख्यतः या लांब उच्छ्वासाने, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. मग मुद्रा कशाला? बोटांच्या टोकांची स्पर्शाची जाण फार सूक्ष्म असते. मन विचारांत वाहवलं की बोटं सुटतात किंवा घट्ट होतात, आणि तेवढ्यानेच ते ध्यानात येतं. बोटं पुन्हा टेकवा, श्वास पुढे चालू.

मोजायला घड्याळ नको. जप मोजतात तसा डाव्या हाताचा अंगठा एकेका पेरावरून सरकवा. चार बोटांची पेरं 12, एक श्वास साधारण 10 सेकंदांचा. म्हणजे एक फेरी 2 मिनिटांची. लोकलमध्ये उभं असताना एका हाताने कडी धरावीच लागते, तेव्हा दुसऱ्याने नुसती पेरं मोजली तरी चालतं.

चक्कर आली किंवा ओठांना, बोटांना मुंग्या आल्या, तर श्वास फार खोल होतोय. छाती भरभरून घेतलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याचा हा परिणाम. थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या, आणि पुढच्या वेळी तीन-चारच्या मापाने करा.

रात्री डोकं शांत होत नसेल तर भ्रामरी करून पाहा. कानाच्या भोकापुढचा छोटा मऊ उंचवटा तर्जनीने हलकेच आत दाबा. बोट कानात घालू नका. श्वास सोडताना तोंड मिटून भुंग्यासारखा गुंजारव करा. पाच वेळा पुरे. कान दुखत किंवा वाहत असेल तर करू नका.

तर्जनी अंगठ्याच्या मुळाशी दुमडून, मधलं बोट आणि अनामिका अंगठ्याला टेकवतात ती अपानवायू मुद्रा. हृदयविकाराचा झटका तिने थांबतो, असे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यांच्यावर अजिबात विसंबू नका. छातीत दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ असं काही झालं तर मुद्रा करत बसायचं नाही. लगेच 108 ला फोन करा.