गो एकट्याने खेळताय? सगळ्यात तगडं इंजिन घेऊ नका

गो म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटावरचा खेळ. २०१६ मध्ये अल्फागो या संगणक-प्रोग्रामने कोरियाचा नामवंत गो-खेळाडू ली सेडोल याला ४-१ असं हरवलं. आता तितकं ताकदवान कातागो हे इंजिन (म्हणजे गो खेळणारा प्रोग्राम) फुकट मिळतं, म्हणून नवखे थेट त्याच्याशीच भिडतात. पार धुव्वा उडतो आणि नेमकं कुठे चुकलं हेही कळत नाही.

सुरुवात ग्नू गो या इंजिनाने करा. जुनं आहे, साध्या लॅपटॉपवरही चालतं आणि चुकतंसुद्धा. माझ्या मते हाच त्याचा मोठा गुण. १९×१९ रेषांचा पूर्ण पट सध्या बाजूला ठेवा. ९×९ वर डाव पटकन संपतो, लगेच दुसरा मांडता येतो.

ते हरायला लागलं की काट्रेन हा सरावाचा प्रोग्राम घ्या. आत कातागोच आहे, पण तुमच्या क्यू-दर्जाचा (क्यू म्हणजे शिकाऊ खेळाडूंची श्रेणी) प्रतिस्पर्धी निवडता येतो. शिवाय खेळलेल्या सोंगटीवर रंगीत ठिपका उमटतो: हिरवा म्हणजे चाल ठीक, जांभळा म्हणजे घोडचूक. पुढच्या चाली ठिपक्यांनी सुचवणारी सोय मात्र डाव संपेपर्यंत बंद ठेवा, नाहीतर तुम्ही नुसते ठिपक्यांमागे धावाल.

साबाकी हा आणखी एक प्रोग्राम दिसायला देखणा, पण तो नुसता पट आहे; इंजिन वेगळं उतरवून जोडावं लागतं.